समुद्राची घडवंची

जुन्या मराठी घरांत पिण्याचे पाणी सहसा जमिनीवर टेकवत नसत. हंडे-घागरींसाठी माजघराच्या कोपऱ्यात घडवंची असे, आणि देवघरात शंखालासुद्धा त्याची अडणी असे. हे दोन्ही शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेले आहेत. समुद्रातील प्रवाळांचे जिवंत बेट दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत वसवण्याचा जो छंद गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर पसरला, त्यातील मंडळी टाकीखालच्या आधाराला 'स्टँड' म्हणतात. आम्हांस मात्र तेथे घडवंची हाच शब्द नेमका वाटतो, आणि पुढील विवेचनात आम्ही तोच वापरणार आहोत.

मत्स्यालयाचा इतिहास आजवर काचेच्या समोर उभे राहून लिहिला गेला आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची निसर्गविद्येची आवड, काचेमागचा रंगीत देखावा, त्यावर निघालेली सचित्र पुस्तके, हे सारे त्या इतिहासात येते. टाकी कशावर उभी होती हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. हा प्रश्न सुताराचा आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण या इतिहासात चार्ल्स किंग्जली आहे, जॉर्ज एलियट आहे, आणि इंग्रजीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राचा लेखकही आहे. शिवाय घडवंचीचा आराखडा हीदेखील वाचण्याजोगी संहिता आहे. तो करणाऱ्याला टाकीविषयी जे ठाऊक असते ते काचेसमोर उभ्या असलेल्या पाहुण्याला ठाऊक नसते.

आराखड्याच्या कागदावर सर्वांत आधी येते ती बेरीज. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी धरू. प्रवाळांच्या मोठ्या टाक्यांत हे माप नेहमीचे आहे. तिचे घनफळ चोवीस घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांच्या आसपास जड असते, तेव्हा नुसत्या पाण्याचेच सातशे किलो झाले. बारा मिलिमीटर जाडीची काच घेतली तर तिचे आणखी सव्वाशे किलो. त्यात दगड, वाळू, वरचे दिवे आणि खालच्या टाकीतील पाणी मिळवले की बेरीज एका टनापलीकडे जाते. लहान मोटारगाडीचे वजन साधारण एवढेच असते. आमच्यापैकी अनेकांच्या घरी पुस्तकांची कपाटे भिंतीला टेकून उभी आहेत आणि त्यांच्या वजनाची आम्ही कधी चौकशी केलेली नाही. परंतु पुस्तके ओसंडत नाहीत, गळत नाहीत, आणि फळी वाकली तरी त्यांना तडा जात नाही.

हा एक टन जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर उभा राहतो. भारतीय मानक संहितेत (आयएस ८७५, भाग २) निवासी खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो एवढा भार गृहीत धरलेला आहे. टाकीखालची जमीन त्याच्या चौपटीहून अधिक भार सोसते. म्हणून ती लगेच खचेल असे नव्हे. संहितेतील आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे, आणि टाकीभोवतीची बरीचशी जागा मोकळीच असते. तरी वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईलगत, भिंतीकडेला ठेवावी आणि बांधकाम अभियंत्यास आधी विचारावे, हे शहाणपणाचे. आराखड्याच्या पहिल्याच पानावर खालच्या मजल्यावरचा शेजारी असा येऊन बसतो.

या वजनाला इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात अगदी हलकी होती. १८४६ साली अ‍ॅना थिन ही बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे गेली होती. तिचे पती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेचे उपप्रमुख धर्माधिकारी. किनाऱ्यावरच्या खडकांत तिला पोवळी दिसली. ती बेटे बांधणारी उष्ण समुद्रातील पोवळी नव्हती. थंड पाण्यात एकेकटी वाढणारी, वाटीच्या आकाराची होती. तिला ती जिवंत लंडनला न्यायची होती. प्रवासात ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ती स्पंजावर शिवली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेवली. लंडनला पोचल्यावर ती काचेच्या भांड्यांत आली. पाणी नासू नये म्हणून प्रथम किनाऱ्यावरून नवे पाणी मागवावे लागे. पुढे तिने वेगळा मार्ग काढला. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम घरातील मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास करी. पुढल्या वर्षी भांड्यांत समुद्रवनस्पती आल्या, प्राणी आणि वनस्पती यांचा मेळ बसला, आणि ती पोवळी लंडनमध्ये, समुद्रापासून दूर, वाढू लागली. थिनचे निरीक्षण १८५९ साली एका निसर्गविज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रिबेका स्टॉट या लेखिकेने २००३ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून तिचा वाटा पुन्हा उजेडात आणला. थिनच्याही आधी, १८३२ पासून, सिसिलीत जान व्हिलप्रो-पॉवर हिने काचेच्या टाक्यांत सागरी प्राणी पाळून अभ्यासले होते. ती मूळची कपडे शिवणारी. या विद्येच्या आरंभी सुई-दोरा दोनदा यावा हा योगायोगच, पण आम्हांस तो नोंदवावासा वाटतो.

थिनच्या मेजाविषयी काही विशेष सांगण्यासारखे नाही. काही भांडी, थोडे पाणी. कोणतेही घरगुती मेज ते पेलू शकत होते. पेलण्याचे खरे काम त्या मोलकरणीच्या हातांकडे होते. आजच्या घडवंचीच्या पोटात जे यंत्र पाणी रात्रंदिवस वर ढकलते, ते तिच्याच जागी आलेले आहे, आणि तिच्याप्रमाणेच तेही पाहुण्यांना दिसू नये अशी व्यवस्था असते.

यानंतर गोष्टी वेगाने बदलल्या. इंग्लंडमधील काचेवरील कर १८४५ साली उठला होता व काच स्वस्त झाली होती. नॅथॅनिएल वॉर्डच्या बंद काचपेट्यांत नेचे वाढवण्याची चाल रूढ होतीच. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती यांचा परस्परांवर चालणारा संसार कसा टिकतो ते दाखवले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे 'द अक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि हा शब्द घरोघरी पोचला. पुढल्याच वर्षी किंग्जलीचे 'ग्लॉकस' आले. १८५६ च्या उन्हाळ्यात जॉर्ज एलियट आणि जी. एच. लुईस इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावर बरण्या घेऊन खडकांतील डबकी धुंडाळत होते. लुईसच्या सागरी अभ्यासाचे पुस्तक त्यातून निघाले, आणि एलियटने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपली पहिली कथा लिहावयास घेतली. तिच्या वास्तववादाची चर्चा करताना या उन्हाळ्याची आठवण ठेवण्याजोगी आहे. डबक्यापाशी वाकून बारकाईने पाहण्याचा सराव आणि खेड्यातील सामान्य धर्मोपदेशकाकडे तितक्याच धीराने पाहणे, यांत काही महिन्यांचेच अंतर आहे.

शर्ली हिबर्डने त्याच १८५६ साली गृहसजावटीवर जे पुस्तक लिहिले त्यात मत्स्यालयाला नेच्यांच्या पेटीशेजारी व पक्ष्यांच्या पिंजऱ्याशेजारी जागा मिळाली. टाकी आता फर्निचर झाली होती. तिला पाटीच्या दगडाचा तळ आणि धातूची किंवा लाकडाची चौकट असे, आणि ती खिडकीपाशी ठेवली जाई. ही लाट फार टिकली नाही. १८६० चे दशक सरता सरता बहुतेक दिवाणखान्यांतून टाक्या गेल्या.

टाकीखालच्या भागाचा खरा विचार करणारा पहिला माणूस आमच्या मते विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये सागरी प्राणी आणि टाक्या विकण्याचे त्याचे दुकान होते. १८६२ साली त्याचे दिवाळे निघाले. पुढे हॅम्बर्गचे मत्स्यालय (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय (१८७१) त्याच्या हातून घडले. त्याची कल्पना साधी होती. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांत जेवढे पाणी आहे त्याच्या कित्येक पट पाणी खाली, अंधाऱ्या हौदात ठेवायचे, आणि यंत्राने ते अखंड फिरवायचे. अंधारात शेवाळ माजत नाही, खालचे पाणी थंड राहते, आणि वर काही सडले तरी एवढ्या मोठ्या साठ्यात त्याचा विषार पातळ होतो. वरचा देखावा खालच्या न दिसणाऱ्या पाण्यावर जगतो, हे तत्त्व लॉइडने प्रस्थापित केले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले त्यांना आठवेल की काचा भिंतीत बसवलेल्या असत. पाणी कुठून येते, वजन कशावर आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

घरगुती टाकीत लॉइडचा हौद येण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरच्या टाक्या धातूच्या चौकटीत काच आणि लुकण भरून बनत. खारे पाणी त्या धातूला खाई आणि गंजलेला धातू प्राण्यांना मारी. १९६० च्या दशकात सिलिकोनच्या चिकटद्रव्याने काचेला काच जोडता येऊ लागली आणि चौकट गेली. या बदलाचा घडवंचीवर झालेला परिणाम फारसा कोणी लिहिलेला नाही. चौकटीच्या टाकीचा भार कडांवर येई. थोडी ओबडधोबड तिवईही चालून जाई. पूर्ण काचेच्या टाकीचा तळच जेव्हा फळीवर टेकतो, तेव्हा फळीतील एक-दोन मिलिमीटरचा उंचवटा काचेत ताण निर्माण करतो, आणि तो ताण महिन्यांनंतर, बहुधा मध्यरात्री, तडा होऊन प्रकट होतो.

त्याच सुमारास, १९६१ साली, जकार्ताच्या ली चिन एंग याने एका अमेरिकी नियतकालिकात आपली रीत मांडली. समुद्रातून जिवंत जीवसृष्टीसह आणलेले दगड, सूर्यप्रकाश, आणि हवेचे थोडे बुडबुडे. बाकी काही नाही. समुद्र ज्याच्या दाराशी आहे त्याला हे जमत होते. बर्लिन-न्यूयॉर्कच्या लोकांना ते जमण्यासाठी फेस काढणारी यंत्रे, प्रखर दिवे आणि गाळण्या लागल्या. १९८६ साली जॉर्ज स्मिट याने अमेरिकी वाचकांसाठी लहान प्रवाळबेटाच्या टाकीवर लेखमाला लिहिली. तिच्यातील गाळणी टाकीखाली बसणारी होती. वरच्या टाकीच्या काठावरून ओसंडणारे पाणी नळीने खाली उतरते, गाळले जाते, आणि पंपाने वर जाते. लॉइडचा हौद असा घडवंचीच्या पोटात शिरला. तिवईचे कपाट झाले, कपाटाला दारे आली, आणि घडवंची बांधणे हे निव्वळ वजन पेलण्याचे काम उरले नाही.

आजचा आराखडा म्हणून दोन परस्परविरोधी मागण्यांतून मार्ग काढतो. वजन म्हणते, खांब जवळजवळ असोत, आडवी तुळई उंच असो. पोटातली टाकी म्हणते, मध्ये खांब नको, दार रुंद हवे, आणि फेस काढणारे उंच यंत्र वर उचलून बाहेर काढता येईल एवढी मोकळी जागा हवी. घरी बांधणारे लोक बहुधा पहिलीचे ऐकतात आणि दुसरी विसरतात. चौकट उभी राहते, वर टाकी चढते, पाणी भरते, आणि मग कळते की खालची टाकी दुरुस्तीसाठी बाहेर येऊच शकत नाही. ज्याने आधी खालच्या टाकीचे माप घेतले आणि तिच्याभोवती घडवंची आखली, त्याचा आराखडा वाचताना मन निवते.

लाकूडकामाचा एक नियम तर कोणत्याही शिक्षकाने फळ्यावर लिहावा इतका सुंदर आहे: भार लाकडावर यावा, खिळ्यावर नव्हे. वरची आडवी तुळई खांबाच्या डोक्यावर टेकली पाहिजे. खांबाच्या कुशीला स्क्रूने लटकवलेली तुळई लटकतच राहते, आणि सारे वजन त्या चार-सहा लोखंडी काड्यांवर येते. स्क्रूचे काम जागा धरून ठेवण्याचे आहे. रेषांच्या दिशेने उभे केलेले लाकूड दाब फार चांगला सोसते, त्यामुळे उभ्या वजनाने घडवंची सहसा मोडत नाही. ती मोडते डुलण्याने. कोणी धक्का दिला, आणि चौकोनाचा समांतरभुज चौकोन झाला, की संपले. त्यासाठी पाठीला सबंध प्लायवूड ठोकतात किंवा कर्णरेषेत पट्टी देतात. उत्तर अमेरिकेत हे काम दोन बाय चारच्या पाइन लाकडात करण्याची परंपरा आहे. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट वेल्डिंग करून घेणे सोपे पडते. मात्र खाऱ्या तुषारांपुढे साधा रंग टिकत नाही, इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावे लागतात, आणि पाइपांची तोंडे बंद करावी लागतात, नाहीतर गंज आतून चढतो.

आणखी एक हिशेब आहे, तो वीज गेल्यावरचा. पंप थांबला की वरच्या टाकीतील ओसंडण्याच्या पातळीवरचे पाणी खाली येते. आपल्या सहा बाय दोनच्या टाकीत पातळी एक इंच उतरली तर २८ लिटर पाणी खाली येईल. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल तर ते कपाटात, तेथून खोलीत, आणि तेथून पहिल्या पानावरच्या शेजाऱ्याकडे जाईल. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन रोजचे झाले होते, तेव्हा हा हिशेब कागदावरचा राहिला नव्हता. एकाच 'भार' शब्दात वजन आणि वीज दोन्ही बसवणारी आमची भाषा या बाबतीत मोठी व्यवहारी म्हणावी लागेल.

आता त्या आत्मचरित्राकडे. फिलिप गॉसचा मुलगा एडमंड गॉस याचे 'फादर अँड सन' १९०७ साली, प्रथम लेखकाच्या नावाविना, प्रसिद्ध झाले. कडव्या धर्मनिष्ठ पित्याच्या छायेतून सुटून वाङ्मयाकडे गेलेल्या मुलाची कथा म्हणून आपण ते शिकवतो. पण त्यात डेव्हनच्या किनाऱ्याची पानेही आहेत. बापलेक डबक्यांत डोकावत, आणि ती डबकी मुलाला अस्पर्श बागांसारखी वाटत. पुढे पित्याचीच पुस्तके वाचून लोकांच्या झुंडी बरण्या घेऊन आल्या, आणि तो किनारा ओरबाडला गेला. पन्नासएक वर्षांनी मुलगा लिहितो की ती सृष्टी आता उरली नाही, आणि आपल्या नाशकारी लोकप्रियतेची जाणीव वडिलांनाही झाली होती, तिने त्यांना दुःख दिले होते. या पुस्तकावर श्रद्धा आणि संशय यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस वाटते, या पानांवर मुलाने वडिलांची जी बाजू घेतली आहे ती साऱ्या पुस्तकात दुसरीकडे क्वचित सापडते. देवाच्या प्रश्नावर तो त्यांना माफ करीत नाही. डबक्यांच्या प्रश्नावर तो त्यांच्या शेजारी उभा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने काही अंशी सोडवला आहे. २००१ साली बेटे बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसली. मालवणच्या खडकांवरचे किंवा विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँग्रिया बँकेवरचे पोवळे तोडून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. तेव्हा आपल्या घडवंचीवरची टाकी बहुधा सिमेंटच्या कृत्रिम दगडांची आणि ज्यांच्या खरेदीचा कायदेशीर मार्ग खुला आहे अशा थोड्या जिवांची असेल. ली चिन एंगच्या टाकीपुढे ती दरिद्री दिसेल, आणि ते दारिद्र्य आम्हांस मान्य आहे. वजनात मात्र तिळमात्र फरक पडत नाही. सिमेंटचा दगडही दगडच आहे, आणि सातशे किलो पाणी सातशे किलोच राहते.

तो जीव येण्यास अजून अवकाश असतो. घडवंची जागेवर बसवल्यावर आधी पाणसळ लावतात, लांबीत आणि रुंदीत. तिरकस असेल तर पायांखाली पातळ पट्ट्या सरकवून ती सम करतात, कारण टाकी चढल्यावर हे करता येत नाही. मग फळी, फळीवर फोमचा पातळ थर, त्यावर रिकामी टाकी. मीठ न घालता साधे पाणी थोडे थोडे भरीत जातात. निम्म्यावर थांबून पुन्हा पाणसळ, पुन्हा सांधे पाहणे, खाली वाकून तुळईला बोट लावणे. पूर्ण भरल्यावर टाकी काही दिवस तशीच ठेवतात. दिवे बंद असतात, आत काही नसते. जमिनीवर पसरलेला वर्तमानपत्राचा कागद रोज सकाळी उचलून तो कोरडा आहे का ते बघतात.